टकळी टोचली, आठ बार द्या

अरोराला एक म्हातारी दिसते. हातातल्या सुयांनी ती दोन मात्रांचा ठेका धरून बसली आहे. ठेका हळूहळू बदलतो, त्याचा तीन मात्रांचा गोड वॉल्ट्झ होतो. मग एकदम शांतता. अरोराच्या बोटाला टोचतं. ती किंचाळते. रक्त येतं, इथे चार मात्रांचे आठ बार द्या, संथ. ती नाचायला लागते, पण घेरी येते आहे. आता हा नाच राहिलेला नाही. विषारी कोळी डसल्यासारखी ती गरगरा फिरते आणि धाप लागून कोसळते. याला २४ ते ३२ बार हवेत.

एका कागदावर फ्रेंचमध्ये लिहिलेल्या मजकुराचा हा आशय. वाचताना वाटतं, कुणीतरी घाईघाईत गोष्ट उतरवून ठेवली आहे. पण ही ऑर्डर आहे. शिंप्याकडे कापड टाकताना आपण लांबी-रुंदी सांगतो, तशी एका नृत्यदिग्दर्शकाने संगीतकाराला सांगितलेली मापं. नृत्यदिग्दर्शक होता मारियुस पेतिपा, संगीतकार प्योत्र चायकोव्हस्की, गाव सेंट पीटर्सबर्ग. या कागदातून जो बॅले उभा राहिला त्याचं नाव ‘द स्लीपिंग ब्यूटी’, आणि अरोरा ही त्यातली राजकन्या. पहिला प्रयोग मारिइन्स्की थिएटरमध्ये झाला, त्या वेळच्या रशियन पंचांगाप्रमाणे ३ जानेवारी १८९० ला, आपल्या आजच्या कॅलेंडरने १५ जानेवारीला.

बार म्हणजे काय ते आधी सांगून टाकते. पाश्चात्त्य संगीत लिहिताना ठरावीक मात्रांचे कप्पे पाडतात. चाल तीन मात्रांची असेल तर एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, यातला प्रत्येक गट म्हणजे एक बार. आपल्या आवर्तनाच्या जवळची गोष्ट, पण आवर्तनाला सम असते, टाळी असते, खाली असते. बाराला तेवढा थाट नाही. नाचणाऱ्याच्या दृष्टीने ती वेळ मोजायची फूटपट्टी. ‘आठ बार’ म्हणजे अमुक इतकी पावलं, अमुक इतक्या गिरक्या, आणि रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला मिळणारा अवधी.

आपल्याला सवय उलटी आहे. सिनेमातलं नृत्य बहुतेक वेळा तयार गाण्यावर बसवतात. गाणं आधी रेकॉर्ड होतं, मग नृत्यदिग्दर्शक ते शंभर वेळा ऐकून त्यात पावलं भरतो. त्यामुळे बॅले बघताना आपण नकळत असंच धरून चालतो की चायकोव्हस्कीने एकट्याने बसून सुरेख संगीत लिहिलं आणि पुढे कुणीतरी त्यावर नाच बसवला. ‘स्लीपिंग ब्यूटी’मध्ये प्रकार नेमका याच्या उलट होता. आधी नाचाची मापं ठरली, मग संगीत आलं. आणि त्या मापांच्याही आधी एक माणूस होता. तो नाचणाराही नव्हता आणि वाजवणाराही.

तो होता सरकारी अधिकारी.

रशियातली मोठी थिएटरं तेव्हा झारच्या खजिन्यातून चालत. १८८१ ते १८९९ अशी अठरा वर्षं या सगळ्या शाही थिएटरांचा संचालक होता इव्हान व्सेवोलोझ्स्की. आधी परराष्ट्र खात्यात नोकरी केलेला, दरबारी रीतीभाती जाणणारा, फ्रान्सच्या प्रेमात बुडालेला, आणि फावल्या वेळात लोकांची व्यंगचित्रं काढणारा. असा साहेब वर बसला की कलेचं वाटोळं होतं, असा आपला सर्वसाधारण अनुभव. हा अपवाद निघाला.

त्याने एक धाडसी काम केलं. शाही बॅलेकडे पगारी संगीतकार ठेवायची जुनी पद्धत होती. नृत्यदिग्दर्शकाला लागेल तेव्हा लागेल तितक्या बारांचं संगीत पुरवणं हीच त्याची नोकरी. लुडविग मिंकुस हा अशा जागेवरचा शेवटचा माणूस. याच मिंकुसने ‘ला बायादेर’ला संगीत दिलं. त्या बॅलेची कथा भारतात घडते, नायिका देवळातली नर्तकी आहे, आणि संगीत ऐकून भारताची आठवण कुणालाही येणार नाही. तर १८८६ साली मिंकुस निवृत्त झाला आणि व्सेवोलोझ्स्कीने ते पदच रद्द करून टाकलं. आता प्रत्येक बॅलेसाठी बाहेरून चांगला संगीतकार बोलावता येणार होता.

मे १८८८ मध्ये त्याने चायकोव्हस्कीला पत्र लिहिलं. शार्ल पेरोची फ्रेंच परीकथा घेऊ या, १६९७ साली छापलेली: शंभर वर्षं झोपलेली राजकन्या. सगळा थाट चौदाव्या लुईच्या काळातला ठेवू. संगीतात लुली, बाख, रामो यांच्या जमान्याचा वास येऊ दे. आणि शेवटच्या अंकात राजकन्येच्या लग्नाला पेरोच्या बाकीच्या गोष्टींतली पात्रं पाहुणी म्हणून बोलावू, बूट घातलेलं मांजर, सिंड्रेला, सगळी वऱ्हाडी मंडळी. ही कल्पना म्हणजे संहिता. बॅलेत संवाद नसतात, त्यामुळे संहिता म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येतं तसलं पुस्तक इथे नसतं. कोण येतं, काय होतं, कोण रुसतं, कोण शाप देतं याची ती यादी असते. व्सेवोलोझ्स्की एवढ्यावर थांबला नाही. वेशभूषेची चित्रंही त्याने स्वतःच काढली. एकाच माणसाने कल्पना द्यावी, कपडे रेखाटावेत आणि पैसेही मंजूर करावेत, हा योग कलेच्या इतिहासात फार वेळा येत नसावा.

आता पेतिपा. जन्म मार्सेलचा, १८१८ सालचा. नर्तक म्हणून १८४७ मध्ये पीटर्सबर्गला आला आणि तिथलाच झाला, पण रशियन भाषा त्याला अखेरपर्यंत धड आली नाही. तालमीत तो मोडक्यातोडक्या रशियनमध्ये ओरडायचा, नर्तकांना कळायचं. स्लीपिंग ब्यूटीच्या वेळी त्याचं वय ७१. घरी टेबलावर तो बुद्धिबळातल्या सोंगट्यांसारख्या छोट्या बाहुल्या मांडायचा आणि सरकवून बघायचा. पंचवीस-तीस मुली मागच्या बाजूला तिरक्या रांगेत उभ्या केल्या तर समोर नायिकेला किती जागा उरते? चार राजपुत्र दोन-दोन करून आले की एका रांगेत? जमलं की वहीत खुणा करून ठेवायचा. मग तालमीला जाताना त्याच्या हातात आराखडा तयार असायचा.

या आराखड्यातूनच संगीतकारासाठीची मागणी निघाली. ती वाचताना एक गोष्ट जाणवते: पेतिपा नुसते आकडे देत नाही. शेवटच्या अंकात रत्नांच्या आणि धातूंच्या पऱ्या नाचतात, त्यांच्याबद्दल त्याने काय मागितलं पाहा. चांदीच्या परीसाठी नाणी खणखणल्याचा आवाज यायला हवा. हिऱ्याच्या परीसाठी ठिणग्या, विजेसारख्या. आणि नीलम? नीलमला पाच पैलू, म्हणून संगीत पाच मात्रांचं. मला हे फार आवडतं. रत्नाच्या कोपऱ्यांवरून ताल ठरवणारा माणूस! झपतालावर वाढलेल्या कानांना पाचाच्या हिशेबाचं काही वाटणार नाही, पण त्या काळच्या युरोपातल्या नाचाच्या संगीतात पाच मात्रा म्हणजे पाहुण्याला तीन पायांची खुर्ची देण्यासारखं. चायकोव्हस्कीने पाचच मात्रांत लिहून दिलं.

चायकोव्हस्की तेव्हा नावाजलेला होता, चार-पाच सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना, झालेल्या, परदेशात कार्यक्रम करणारा. एवढ्या मोठ्या माणसाने ‘इथे ३२ बार, इथे १६’ असल्या सूचना ऐकून घेतल्या कशा? ऐकून घेतल्या, इतकंच नव्हे तर भराभर कामाला लागला. कच्चा खर्डा पुरा झाल्यावर त्याने स्वतःच हिशेब लिहून ठेवला: ऑक्टोबरात दहा दिवस, जानेवारीत तीन आठवडे, मे महिन्यात एक आठवडा, एकूण सुमारे ४० दिवस. तीन तासांच्या आसपासच्या संगीताला चाळीस दिवस! त्यानंतर प्रत्येक वाद्याने काय वाजवायचं ते लिहून काढायला उन्हाळा गेला. त्या कामात मात्र त्याचा घाम निघाला.

पण तो नुसता मापाने शिवणारा शिंपी नव्हता. दिलेल्या मापात त्याने असं काही घातलं जे पेतिपाने मागितलंच नव्हतं. पडदा उघडण्याआधी वाद्यवृंद धाडकन एक चिडकी, खुनशी सुरावट वाजवतो. ही काराबोस, आमंत्रण न मिळाल्याने संतापलेली आणि टकळी टोचण्याचा शाप देणारी दुष्ट परी. लगेच मागून इंग्लिश हॉर्न नावाच्या वाद्यावर एक संथ, माया करणारी सुरावट येते. ती लायलॅक परी, शाप सौम्य करणारी. पुढे सबंध रात्रभर या दोन सुरावटी कपडे बदलून येत राहतात. बारशाच्या समारंभात सगळं छान चाललेलं असताना खालून कुठूनतरी काराबोसचे सूर डोकावतात आणि प्रेक्षकाला कळतं, आता ही येणार. रंगमंचावर अजून कुणीही आलेलं नसतं. गोष्ट सांगायचं काम असं अर्धं वाद्यवृंदाने उचललं. आधीच्या बॅलेंमध्ये वाद्यवृंद बहुधा पावलांना साथ देई; इथे तो कथेकरी झाला.

चायकोव्हस्कीला मापाचं महत्त्व कळलं होतं, कारण आधी एकदा हात पोळले होते. ‘स्वान लेक’ पहिल्यांदा १८७७ साली मॉस्कोत झालं, नृत्यदिग्दर्शक होता युलियुस राइझिंगर, आणि नृत्य कुणाच्या फारसं लक्षात राहिलं नाही. पुढे तिथल्या आघाडीच्या नर्तिकेने, आन्ना सोबेशचान्स्काया हिने, वैतागून पीटर्सबर्ग गाठलं. पेतिपाला सांगून स्वतःसाठी एक नवा युगुलनाच बसवून घेतला, संगीत मिंकुसचं. परत येऊन म्हणाली, हे तुमच्या बॅलेत घालायचं. चायकोव्हस्की भडकला. माझ्या बॅलेत दुसऱ्याचं संगीत? चालणार नाही. पण बाई नाच बदलायला तयार नाहीत. शेवटी त्याने काय करावं? मिंकुसचं संगीत समोर ठेवलं आणि त्याच्या बाराला बार जुळवून स्वतःचं नवं संगीत लिहून दिलं. पाऊल एकही हललं नाही, पुन्हा तालीमसुद्धा लागली नाही, खालचे सूर तेवढे बदलले. एखाद्याच्या कवितेच्या मापात दुसऱ्याने स्वतःचे शब्द भरावेत तसं. एका अर्थाने स्लीपिंग ब्यूटीची ती रंगीत तालीमच.

आता जरा पडद्यामागे जाऊ. दुसऱ्या अंकात लायलॅक परी राजपुत्राला नावेत बसवून झोपलेल्या राजवाड्याकडे नेते. हा प्रवास दाखवायचा कसा? चित्रकार मिखाईल बोचारोव्हने लांबच लांब कापडावर रान, झाडी, किनारा असं सगळं रंगवलं, कापड एका बाजूच्या उभ्या रुळावरून सुटून दुसऱ्या बाजूच्या रुळावर गुंडाळलं जाई, आणि पुढची नाव जागच्या जागी असूनही चाललीय असं वाटे. धावत्या गाडीच्या खिडकीतून झाडं मागे पळतात, तोच डोळ्यांचा घोटाळा. आणि इथे मापांचा मालक बदलला. एरवी बारांवर हुकूम चालवणाऱ्या पेतिपाने या जागी लिहिलं की संगीताची लांबी या चित्राच्या लांबीवर अवलंबून. म्हणजे इथे रंगाऱ्याच्या कापडाने संगीतकाराला माप दिलं! चायकोव्हस्कीने त्यासाठी असं काही झुलतं संगीत लिहिलं की आज रंगवलेलं कापड नसलं तरी ऐकणाऱ्याला पाण्यावर असल्यासारखं वाटतं.

नर्तक मंडळींकडे येते. अरोरा नाचली कार्लोता ब्रियांझा, मिलानहून आलेली, वय २२. राजपुत्र देझिरे झाला पावेल गेर्ट, वय ४५. नायक-नायिकेच्या वयातलं हे अंतर बघून आपल्याला काही वाटण्याचं कारण नाही. लायलॅक परी झाली मारी, खुद्द पेतिपाची मुलगी. घराणेशाही हा काही आपल्याच मातीतला रोग नव्हे. आणि एन्रिको चेकेत्ती नावाच्या इटालियन नर्तकाने एकाच संध्याकाळी दोन टोकांच्या भूमिका केल्या: बारशाच्या अंकात काराबोस, म्हणजे म्हातारी चेटकीण, आणि लग्नाच्या अंकात निळा पक्षी, ज्याला सबंध नाचभर जमिनीवर पाय टेकवायला फारशी सवडच मिळत नाही. चाळिशीला टेकलेला माणूस होता तो.

नर्तकांना मी ‘सर्जक’ यादीत का धरते? नाच तर पेतिपाचा. पण पेतिपा पावलं ठरवायचा ती समोर कोणतं शरीर आहे ते बघून. इटालियन नर्तिका तेव्हा पायाच्या टोकावर उभं राहण्यात सगळ्यांच्या पुढे होत्या, त्यांचे जोडेही जास्त टणक असत. या जोड्याबद्दल लोकांचा गैरसमज असतो की आत लाकूड किंवा लोखंड असतं. तसं नाही. टोकाशी कापड, कागद आणि खळ यांचे थर एकावर एक चढवून वाळवलेले असतात, तळाशी एक ताठ पट्टी, वरून साटीन. नव्या जोड्याला नर्तिका आपटतात, वाकवतात, दारात चिरडतात, फिती स्वतःच्या हाताने शिवतात, तेव्हा कुठे तो पायाचा होतो. आणि घामाने खळ मऊ पडली की संपला. मोठ्या भूमिकेत एका रात्रीत एकाहून जास्त जोड लागणं काही नवलाचं नाही.

ब्रियांझाच्या पायांवर भरवसा ठेवून पेतिपाने जे रचलं ते आजही प्रत्येक अरोराची झोप उडवतं. त्याला ‘रोझ अडाजिओ’ म्हणतात. अरोरा नुकतीच धावत आली आहे, श्वास फुललेला आहे, आणि लगेच चार राजपुत्र मागणी घालायला उभे. ती उजव्या पायाच्या टोकावर उभी राहते, दुसरा पाय मागे वाकवून उचललेला. पहिला राजपुत्र हात धरतो. मग ती हात सोडते, डोक्यावर नेते, क्षणभर कुणाच्याही आधाराशिवाय तशीच उभी राहते, आणि हात खाली आणून दुसऱ्याला देते. पुन्हा सोडते. तिसरा. पुन्हा. चौथा. पाऊल खाली टेकत नाही. शेवटच्या फेरीत तर प्रत्येक राजपुत्र तिला धरून भोवती एक प्रदक्षिणा घालतो, ती टोकावर तशीच फिरते, आणि हाताची अदलाबदल होताना परत तो निराधार क्षण. चेहऱ्यावर मात्र सोळा वर्षांच्या मुलीचं हसू हवं. गोष्टीत हा तिचा वाढदिवस आहे.

इथे संगीतकाराने काय केलंय ते ऐका. सुरुवातीला हार्पचा एक मोकळा झरा, म्हणजे नर्तिकेला श्वास घ्यायला वेळ. मग सूर पायरीपायरीने चढतात, वाद्यांची भर पडत जाते, आणि शेवटच्या तोलाच्या वेळी सगळा वाद्यवृंद खांद्याला खांदा लावून तिच्यामागे उभा राहतो. आणि या दोघांच्या मध्ये एक माणूस असतो, ज्याचं नाव प्रेक्षक बहुधा वाचतच नाहीत: वाद्यवृंदाचा संचालक. पहिल्या प्रयोगाला तो होता रिकार्दो द्रिगो, तोही इटालियन. त्याचा एक डोळा कागदावर, एक तिच्या घोट्यावर. ती अर्धा क्षण जास्त तोलून धरते आहे? स्वर लांबवा. डगमगली? पुढच्या स्वरावर या. तबलजी गायकाकडे बघून सम राखतो, त्याला वाट बघता येते. पण ऐंशी जणांना एका काठीने वाट बघायला लावणं हे वेगळंच प्रकरण.

रंगीत तालमीला खुद्द झार तिसरा अलेक्झांडर हजर होता. मध्यंतरांत तो चायकोव्हस्कीशी बोलला. म्हणाला, “छान आहे.” एवढंच. संगीतकाराने त्या दिवशी डायरीत ते दोन शब्द लिहिले आणि त्यापुढे उद्गारचिन्हांची रांग ओढली. महाराजांनी फार वरून वागवलं, असू दे, असंही लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून जे आलं त्यात एक तक्रार वारंवार दिसते: हे संगीत बॅलेला जड आहे, सिंफनीसारखं आहे. ज्याच्यासाठी आज ते वाजतं, नेमकं तेच तेव्हा खुपलं. तिकिटं मात्र खपत राहिली.

नावं घेतली ती मोठ्या माणसांची. पण अशा कामात एक माणूस असतो जो सावलीत राहतो. पेतिपाचा सहायक लेव्ह इव्हानोव्ह हा तसा. १८९२ मध्ये याच मंडळींनी ‘नटक्रॅकर’ हाती घेतला, पुन्हा पेतिपाने बारवार मापं लिहिली, आणि तो आजारी पडला. दुसऱ्याने बेतलेल्या मापांवर नाच बसवायची पाळी इव्हानोव्हवर आली. बसवला. चायकोव्हस्की १८९३ ला गेला. त्यानंतर १८९५ साली ‘स्वान लेक’ नव्याने उभं केलं तेव्हा तळ्याकाठचे दोन्ही अंक इव्हानोव्हचे. पांढऱ्या हंसिणींच्या ज्या रांगा बॅले न बघणाऱ्या माणसालाही ओळखीच्या वाटतात, त्या त्याच्या डोक्यातून निघाल्या. अजूनही कित्येक लोक ते सगळं पेतिपाच्या खात्यावर टाकतात.

एक मोठाच प्रश्न उरतो. संगीत कागदावर राहतं. पडद्यांची आणि कपड्यांची चित्रं राहतात. नाच कुठे राहतो? शरीरात. नर्तिका निवृत्त होताना पुढचीला शिकवते, हात इथे, मान तिकडे, आणि दर पिढीत थोडं झिरपून जातं. याच थिएटरातल्या व्लादिमीर स्तेपानोव्ह नावाच्या नर्तकाने पावलं लिहून ठेवायची एक पद्धत काढली, १८९२ मध्ये ती पॅरिसला छापली गेली. संगीताच्या ओळींसारख्याच ओळी, पण त्यावरचे ठिपके सूर नव्हे तर पाय, धड, हात दाखवणारे. तो तरुणपणीच वारला. पण त्याच्या पद्धतीने पेतिपाचे बरेच बॅले उतरवले गेले, आणि क्रांतीनंतर तिथलाच निकोलाय सेर्गेयेव्ह ते गठ्ठे घेऊन रशियाबाहेर पडला. लंडनमध्ये स्लीपिंग ब्यूटी पोचली ती त्या गठ्ठ्यांतून. ते कागद आज अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात आहेत, आणि १९९९ मध्ये मारिइन्स्कीने स्वतःचाच बॅले पुन्हा मूळ रूपात उभा करायचं ठरवलं तेव्हा त्यांना तिकडे बघावं लागलं.

त्या पहिल्या काही वर्षांतल्या प्रेक्षकांतून काय काय निघालं! एका गरीब बाईने आपल्या लहान मुलीला हा बॅले दाखवायला नेलं. ती मुलगी आन्ना पावलोव्हा. पुढे १९२२-२३ च्या दौऱ्यात ती भारतात येऊन गेली, त्यानंतर १९२३ साली तिने लंडनमध्ये अजिंठ्याच्या चित्रांवर बेतलेला एक बॅले केला, आणि त्याच सुमारास उदय शंकर नावाच्या तरुणाला बरोबर घेऊन राधा-कृष्णाचं नृत्य रंगमंचावर आणलं. चित्रकार लेऑन बाक्स्त तरुणपणी रंगीत तालीम बघून आला होता आणि ते त्याच्या डोक्यातून कधी गेलं नाही.

बाक्स्तला त्याची फेड करायची संधी मिळाली एकतीस वर्षांनी. नोव्हेंबर १९२१, लंडनचं अल्हाम्ब्रा थिएटर. रशियन बॅले-निर्माता सेर्गेई दियागिलेव्हने स्लीपिंग ब्यूटी ‘द स्लीपिंग प्रिन्सेस’ या नावाने उभी केली. पावलं सेर्गेयेव्हच्या कागदांवरून, थोडी नवी भर नृत्यदिग्दर्शिका ब्रोनिस्लावा निजिन्स्काची, पडदे आणि कपडे बाक्स्तचे. पीटर्सबर्गच्या प्रयोगांतून गाळलेल्या दोन तुकड्यांची वाद्यरचना मिळेना, ती नव्याने लिहून दिली संगीतकार स्ट्राविन्स्कीने. पहिल्याच रात्री राजवाड्याभोवती रान उगवायची यंत्रणा अडकली. खर्च इतका झाला होता की महिनोन्‌महिने खेळ लावूनही भरून निघेना. फेब्रुवारी १९२२ मध्ये खेळ बंद पडले आणि पडदे-कपडे कर्जात अडकले.

त्या प्रयोगात काराबोस कोण व्हायचं, यासाठी दियागिलेव्हने एका निवृत्त बाईंना बोलावून घेतलं होतं. वय चोपन्न. संगीत तेच, काराबोसची ती चिडकी सुरावट तीच. बारशाच्या अंकात बाई शाप द्यायला येत, आणि पुढच्या अंकात म्हातारीचं सोंग घेऊन टकळी हातात धरत. समोर दर काही रात्रींनी वेगळी तरुण अरोरा असे, आणि ती हात पुढे करी. नेमक्या कोणत्या बाराला टोचतं, मग रक्ताचे आठ बार कसे मोजायचे, चक्कर कधी येते आणि पडायचं कधी, हे त्या रंगमंचावर म्हातारीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंचं नाव कार्लोता ब्रियांझा.